धर्मग्रामाची शाळा

वस्तीत शाळा येते ती बहुधा वरून येते. सरकारचा हुकूम निघतो, इमारतीस मंजुरी मिळते, शिक्षकांची नेमणूक होते आणि मग आईबाप मुलाचे बोट धरून त्याला शाळेच्या दारापर्यंत पोहोचवितात. दाराच्या आतील कारभाराशी त्यांचा संबंध फारसा येत नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र एकोणिसाव्या शतकात हजारो प्राथमिक शाळा निराळ्या रीतीने उभ्या राहिल्या. कारखान्यांत, गोदीत आणि कत्तलखान्यांत राबणाऱ्या मजुरांनी आठवड्याच्या मजुरीतून पैसा पैसा बाजूस काढून त्या बांधल्या आणि चालविल्या. या शाळा कॅथलिक धर्मग्रामांच्या होत. धर्मग्राम म्हणजे एका चर्चच्या आश्रयाने नांदणारी, एका धर्मगुरूच्या देखरेखीखाली असलेली वस्ती. १९६५ च्या सुमारास अशा प्राथमिक शाळांची संख्या १० हजारांहून अधिक होती व त्यांत सुमारे ४५ लाख मुले शिकत होती. सरकारी तिजोरीचा आधार जवळजवळ नसताना एवढा मोठा व्याप कसा उभा राहिला आणि त्या व्यापावर खरी सत्ता कोणाची होती, हे पाहणे उद्‌बोधक आहे.

या कथेचा आरंभ एका मातेपासून करावा लागतो. न्यूयॉर्कची एलिझाबेथ ॲन सेटन ही सुखवस्तू घराण्यातील स्त्री. तिच्या पतीचा व्यापार बुडाला आणि १८०३ मध्ये तो इटलीत मरण पावला, तेव्हा पाच मुलांचा भार एकटीवर आला. दोन वर्षांनी तिने कॅथलिक पंथ स्वीकारला. पुढे मेरीलँडमधील एमिट्सबर्ग या खेड्यात तिने धर्मभगिनींचा एक संघ स्थापन केला आणि १८१० मध्ये गरीब मुलींसाठी विनामूल्य शाळा उघडली. ऐपतदार घरांतील मुलींच्या वसतिगृहाच्या उत्पन्नावर तिने गरीब मुलींचे शिक्षण चालविले. संघाची प्रमुख झाल्यावरही तिने स्वतःच्या मुलांचे पालनपोषण सोडले नाही. तिच्या पाठोपाठ १८२९ मध्ये बाल्टिमोर येथे मेरी एलिझाबेथ लँग हिने कृष्णवर्णीय धर्मभगिनींचा संघ उभारला. ज्या शहरात गुलामगिरी कायद्याने चालू होती, तेथे कृष्णवर्णीय मुलींना लिहावाचावयास शिकविण्याचे काम या भगिनींनी अंगावर घेतले.

हे प्रयत्न मोलाचे असले, तरी ते तुरळक होते. धर्मग्रामाची शाळा ही घरोघरची निकड बनली ती आयर्लंड व जर्मनी येथून स्थलांतरितांचे लोंढे येऊ लागल्यावर. त्या काळी न्यूयॉर्क शहरातील शिक्षणाचा सार्वजनिक निधी मुख्यतः ‘पब्लिक स्कूल सोसायटी’ या खाजगी मंडळाच्या हाती होता. मंडळाच्या शाळांतून प्रॉटेस्टंट पंथीयांस मान्य असलेल्या बायबलचे वाचन होई आणि क्रमिक पुस्तकांत कॅथलिकांविषयी अनुदार उल्लेख असत. जॉन ह्यूज हा आयर्लंडमध्ये जन्मलेला व तरुणपणी मोलमजुरी करून वर आलेला धर्माधिकारी याविरुद्ध उभा राहिला. सार्वजनिक निधीचा वाटा कॅथलिक शाळांनाही मिळावा, ही मागणी १८४० च्या ऑक्टोबरात त्याने नगरसभेपुढे मांडली. वाद दोन दिवस चालला. पुस्तकांतील आक्षेपार्ह मजकूर काढून टाकण्याची मंडळाची तयारी होती, परंतु तेवढ्याने ह्यूज याचे समाधान होण्यासारखे नव्हते. मागणी फेटाळली गेली. १८४२ च्या कायद्याने लोकनियुक्त शिक्षणमंडळ आले, मात्र विशिष्ट पंथाची शिकवण देणाऱ्या शाळेस पैसा न देण्याचेही त्याच कायद्याने ठरले. पुढे १८४४ मध्ये फिलाडेल्फियात बायबलच्याच वादाने पेट घेतला. दंगलीत माणसे मेली, घरे जळाली आणि दोन कॅथलिक चर्चे भस्मसात झाली.

या वादाची झळ प्रत्यक्ष मुलांना कशी लागे, याचे उदाहरण बोस्टन शहरात १८५९ मध्ये घडले. तेथील एलियट शाळेत थॉमस व्हॉल नावाच्या लहान मुलाने दहा आज्ञा प्रॉटेस्टंट पाठाप्रमाणे म्हणण्याचे नाकारले. शिक्षकाने त्याच्या हातांवर सुमारे अर्धा तास छड्या मारल्या. त्याच्या बाजूने शेकडो मुले शाळेबाहेर पडली. प्रकरण न्यायालयात गेले व शिक्षक निर्दोष सुटला. त्या वस्तीतील कॅथलिक कुटुंबांना निकालाचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही. सेंट मेरी धर्मग्रामाने मुलांसाठी आपली शाळा उघडली आणि आईबापांनी मुले तिकडे वळविली. धर्माधिकाऱ्यांनी पुष्कळ वर्षे जे उपदेशाने सांगितले होते, ते एका मुलाच्या सुजलेल्या हातांनी घराघरांत पटविले.

१८८४ मध्ये बाल्टिमोर येथे सत्तरांहून अधिक बिशप व आर्चबिशप यांची परिषद भरली. जेथे चर्च आहे तेथे दोन वर्षांच्या आत शाळा निघाली पाहिजे, जो धर्मगुरू यात घोर हयगय करील त्याला दूर करता येईल आणि कॅथलिक आईबापांनी विशेष कारणाखेरीज मुलांना याच शाळांत घालावे, असे निर्णय परिषदेने घेतले. हुकूम कडक होता, परंतु हुकमाने विटा भाजल्या जात नाहीत. पुष्कळ धर्मग्रामांना दोन वर्षांतच काय, वीस वर्षांतही शाळा बांधता आली नाही आणि सर्व कॅथलिक मुले या शाळांत कधीच आली नाहीत. जेथे शाळा निघाली, तेथे ती वस्तीच्या बळावर निघाली.

ते बळ कसे उभे राहिले ते पाहण्यासारखे आहे. अनेक ठिकाणी प्रथम एकच इमारत बांधीत. तिच्या एका मजल्यावर वर्ग भरत व दुसऱ्यावर मिस्सा होई. स्वतंत्र चर्चसाठी पैसा जमेपर्यंत प्रार्थना आणि पाढे एकाच छपराखाली नांदत. रविवारच्या दानपेटीत कामगारांची नाणी पडत. त्याखेरीज घरोघर फिरून वर्गणी जमविली जाई. वर्षातून एकदा जत्रा भरे. तीत बायकांनी विणलेले कपडे, घरी भाजलेले केक, सोडतीची बक्षिसे आणि सामुदायिक भोजनाची तिकिटे यांची विक्री होई. गवंडी, सुतार आणि नळकाम करणारे पालक दिवसाची पाळी संपवून शाळेच्या कामावर येत. हेच लोक सरकारी शाळांसाठीही कर भरीत होते, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. एका मुलाच्या शिक्षणासाठी ते दोनदा पैसा देत होते.

तरीही केवळ वर्गण्यांवर या शाळा टिकल्या नसत्या. त्यांचा खरा आधारस्तंभ धर्मभगिनी होत्या. बव्हेरियातून १८४७ मध्ये ‘स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम’ या संघाच्या भगिनी आल्या. पोलंडमधून १८७४ मध्ये फेलिशियन भगिनी आल्या. आयर्लंडमधूनही अनेक संघ आले. पुढे या मजूर वस्त्यांतील मुलीच या संघांत मोठ्या संख्येने शिरू लागल्या, म्हणजे कुटुंबांनी शाळेला पैशाबरोबर आपल्या लेकीही दिल्या. १९२० च्या सुमारास कॅथलिक शाळांतील ९० टक्क्यांहून अधिक शिक्षक धर्मसंघांतील होते. भगिनीचे वेतन सरकारी शिक्षिकेच्या वेतनाचा लहानसा अंश असे आणि तेही तिच्या हाती न पडता संघाच्या खात्यात जाई. तुटवडा भरून काढण्यासाठी शाळा सुटल्यावर भगिनी पियानोच्या शिकवण्या करीत. एकेका वर्गात साठ साठ मुले असत. प्रशिक्षण पुरे होण्यापूर्वीच कित्येक तरुण भगिनींना फळ्यापुढे उभे राहावे लागे. या शाळांच्या स्वस्ताईची स्तुती पुष्कळांनी केली आहे, परंतु त्या स्वस्ताईची किंमत या स्त्रियांनी चुकविली.

वस्तीचे सगळे वर्ष शाळेभोवती फिरे. वसंतात लहान मुले शुभ्र पोशाखात प्रथम ख्रिस्तप्रसाद घेत. त्या दिवशी सगळे गणगोत जमे आणि गरीबातला गरीब बापही मुलीच्या पांढऱ्या झग्याची तरतूद करी. मे महिन्यात मुले मिरवणुकीने जाऊन मरियेच्या मूर्तीस फुलांचा मुकुट घालीत. नाताळात नाटके होत. उपवासकाळातील शुक्रवारी मासळीच्या सामुदायिक जेवणाचा बेत शाळेच्या तळघरात होई व त्याचे उत्पन्न शाळेच्या खर्चास लागे. त्याच तळघरात गायनमंडळी तालीम करीत आणि परस्परसाहाय्यक संस्थांच्या बैठका भरत. कामगार अपघातात सापडला तर त्याच्या विधवेला मदत देण्याचे याच बैठकांत ठरे. नव्याने उतरलेल्या स्थलांतरिताला नोकरी, भाड्याची खोली आणि मातृभाषेत बोलणारा माणूस मिळण्याचे ठिकाणही बहुधा हेच असे.

भाषेचा प्रश्न विशेष नाजूक होता. शिकागो येथील सेंट स्टॅनिस्लाउस कोस्तका हे १८६७ मध्ये स्थापन झालेले पोलिश धर्मग्राम. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते देशातील सर्वांत मोठ्या धर्मग्रामांपैकी एक झाले व त्याच्या शाळेत मुले हजारोंनी मोजावी लागत. पोलंडचे स्वतंत्र राज्य तेव्हा नकाशावर नव्हते आणि त्या वेळच्या पोलिश आईबापांच्या लेखी शाळेतील पोलिश धडा हाच स्वदेशाचा उरलेला तुकडा होता. जर्मन कुटुंबांची भावनाही अशीच होती. विस्कॉन्सिन संस्थानाने १८८९ मध्ये बेनेट कायदा करून मुख्य विषय इंग्रजीतून शिकविणे आवश्यक ठरविले, तेव्हा एरवी एकमेकांकडे पाठ फिरवून बसणारे जर्मन कॅथलिक व जर्मन लूथरपंथी एकत्र आले. १८९० च्या निवडणुकीत त्यांनी गव्हर्नरला घरी बसविले आणि १८९१ मध्ये कायदा रद्द करविला. पालकांची शक्ती मतपेटीतून प्रकट झाल्याचा हा ठळक प्रसंग होय.

परंतु सर्वांत मोठा प्रसंग पश्चिम किनाऱ्यावर आला. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत परक्यांविषयीचा संशय बळावला होता. ऑरेगन संस्थानात नोव्हेंबर १९२२ मध्ये सार्वमताने एक कायदा संमत झाला. ८ ते १६ वर्षांच्या मुलांनी थोड्या अपवादांखेरीज सरकारी शाळेतच गेले पाहिजे, अन्यथा पालकांना दंड व तुरुंगवास, असे त्याचे स्वरूप होते. कू क्लक्स क्लॅन या द्वेषमूलक संघटनेने त्याचा हिरिरीने पुरस्कार केला. हा कायदा १९२६ मध्ये अंमलात यावयाचा होता. तसे झाले असते, तर खाजगी प्राथमिक शाळांना कुलपे लागली असती. याविरुद्ध न्यायालयात गेली ती एक धर्मभगिनींची संस्था आणि दुसरी एक खाजगी सैनिकी शाळा. १ जून १९२५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने कायदा घटनाविरुद्ध ठरविला. मूल ही राज्याची निर्मिती नसून त्याचे संगोपन करणाऱ्यांना त्याच्या शिक्षणाची दिशा ठरविण्याचा हक्क व त्याबरोबरच कर्तव्यही आहे, असा निकालाचा आशय होता. शाळांची तपासणी करण्याचा व आवश्यक विषय शिकविण्याची सक्ती करण्याचा राज्याचा अधिकार न्यायालयाने मान्य केला, मात्र सर्व मुलांना एकाच साच्यात घालण्याचा अधिकार नाकारला. दावा शाळांनी लावला होता, परंतु निकालात हक्क पालकांच्या नावे नोंदला गेला.

येथवरच्या कथेवरून असे वाटणे संभवते की, या शाळांत आईबापांचेच राज्य होते. वस्तुस्थिती तशी नव्हती. इमारत चर्चची, अंतिम शब्द धर्मगुरूचा आणि वर्गातील सत्ता भगिनीची असे. पैसा आणि श्रम पालकांचे, पण अभ्यासक्रम अथवा शिस्त यांबाबत त्यांना विचारण्याची प्रथा नव्हती. मातृमंडळे निघाली ती मुख्यतः जत्रा भरविण्यासाठी, गणवेश शिवण्यासाठी व भोजने रांधण्यासाठी. शाळेत मार खाल्ल्याची तक्रार मुलाने घरी केली, तर घरीही त्याला बोलणी खावी लागत. घर आणि शाळा यांचा सूर जुळलेला होता, हे या व्यवस्थेचे बळ होते. त्या सुरात वेगळा आवाज काढणाऱ्या मुलाला मात्र जावयास जागा उरत नसे.

आपलेपणाला कुंपणही असते, हे सेंट लुइस शहरात दिसून आले. तेथील कॅथलिक शाळांत गोऱ्या व कृष्णवर्णीय मुलांची ताटातूट होती. आर्चबिशप जोसेफ रिटर यांनी १९४७ मध्ये ती मोडण्याचा हुकूम दिला. सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतील वर्णभेद घटनाविरुद्ध ठरविण्यास अद्याप सात वर्षे होती. शेकडो गोऱ्या पालकांनी संघटना केली आणि आर्चबिशपांविरुद्ध न्यायालयात जाण्याचा घाट घातला. शाळा आमच्या पैशाने उभी आहे, तेव्हा तीत कोण बसावे हे आम्ही ठरवू, असा त्यांचा रोख होता. असा दावा लावणारा धर्मबहिष्कृत होईल, असे रिटर यांनी स्पष्टपणे बजावले व विरोध मावळला. ज्या आपलेपणाने मुलांसाठी विटा वाहिल्या, तोच दुसऱ्याच्या मुलासमोर दार लावून घेण्यासही सिद्ध झाला. पालकांच्या हक्काची महती सांगताना हे प्रकरण वगळता येत नाही.

या समाजबंधाची सर्वांत दारुण परीक्षा १ डिसेंबर १९५८ रोजी झाली. शिकागोच्या पश्चिम भागातील ‘अवर लेडी ऑफ द एंजल्स’ या शाळेत दुपारी, शाळा सुटण्यास थोडा वेळ उरला असताना आग लागली. लाकडी जिन्याच्या वाटेने धूर वरच्या मजल्यावर चढला व मुले वर्गांत कोंडली गेली. आग शमविणारे पाण्याचे फवारे इमारतीत नव्हते आणि धोक्याची घंटा अग्निशामक ठाण्याशी जोडलेली नव्हती. शेजारच्या घरांतून लोक शिड्या घेऊन धावले, आईबाप खिडक्यांखाली उभे राहून मुलांना हाका मारीत होते. ९२ मुले व तीन धर्मभगिनी मृत्युमुखी पडल्या. सगळी मुले चार गल्ल्यांतली असल्याने शेजारीपाजारी शोक झाला आणि समाचारास जाणारे घरही बहुधा शोकातच असे. आगीचे कारण अधिकृतपणे कधीच निश्चित झाले नाही. त्यानंतर देशभर शाळांच्या अग्निसुरक्षेचे नियम कडक झाले. जुन्या इमारती व गच्च भरलेले वर्ग ही काटकसरीची दुसरी बाजू होती, ती या दिवशी उघडी पडली.

१९६५ नंतर ओहोटी लागली. स्थलांतरितांची नातवंडे सुस्थितीत येऊन उपनगरांत राहावयास गेली. सरकारी शाळांतील जुना प्रॉटेस्टंट रंग फिका पडला होता व सर्वोच्च न्यायालयाने १९६२ आणि १९६३ च्या निकालांनी तेथील सामुदायिक प्रार्थना व बायबलवाचनही बंद केले. त्यामुळे वेगळ्या शाळेची जुनी निकड अनेकांना वाटेनाशी झाली. त्याच सुमारास धर्मसंघांत येणाऱ्या तरुणींची संख्या झपाट्याने घटली. भगिनींच्या जागी पगारी शिक्षक आले, खर्च वाढला आणि जी शाळा रविवारच्या दानपेटीवर चाले, तिला भारी फी आकारावी लागली. आज अमेरिकेतील प्राथमिक व माध्यमिक मिळून कॅथलिक शाळा ६ हजारांहून कमी असून त्यांत सुमारे १७ लाख विद्यार्थी आहेत. धर्मसंघांतील शिक्षकांचे प्रमाण ३ टक्क्यांहूनही कमी झाले आहे. शहरांच्या जुन्या भागांत तग धरून राहिलेल्या कित्येक शाळांतून आता कृष्णवर्णीय व लॅटिन अमेरिकन कुटुंबांची मुले शिकतात आणि त्यांतील काही कॅथलिकही नाहीत. ज्या दाराविषयी १९४७ मध्ये तंटा झाला, त्यासारखीच दारे या कुटुंबांनी आपल्या फीच्या पैशांनी उघडी ठेवली आहेत.

एखादी शाळा बंद होण्याची वार्ता येते, तेव्हा तेथे कधीकाळी शिकलेले वृद्ध लोकही सभेस येतात व निर्णय मागे घेण्याची विनंती करतात. त्यांची मुले केव्हाच मोठी झालेली असतात, नातवंडे दुसऱ्या गावी असतात. हिशेबाने पाहिले तर त्यांचा शाळेशी संबंध उरलेला नसतो. परंतु त्या इमारतीच्या भिंतीत आजोबांची मजुरी आहे आणि तळघरात आजीने वाढलेली जेवणे आहेत, हे त्यांना ठाऊक असते. न्यायालयाने १९२५ मध्ये पालकांचा जो हक्क मान्य केला, तो या माणसांनी कायद्याच्या पुस्तकात वाचलेला नसतो. घरच्या मंडळींनी तो दर रविवारी, एकेका नाण्याने, आधीच विकत घेतलेला असतो.